दयेचा हिशेब

दया आणि हिशेब यांचें फारसें सख्य नाहीं, अशी आपणां सर्वांचीच समजूत असते. दारीं आलेल्या भुकेल्यास भाकरी वाढतांना जो तिचें वजन करील त्याला आपण कद्रू म्हणूं. आणि देवळाच्या पायरीवर बसलेल्या आंधळ्याच्या थाळींत पैसा टाकण्यापूर्वीं जो खिशांतून टिपणवही काढील त्याला आपण हंसूं. देणारा हात निराळा आणि मोजणारा हात निराळा, असा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा ग्रह आहे. वस्तुतः आपल्या पूर्वजांचें मत असें नव्हतें. सात्त्विक दानाचें लक्षण सांगतांना गीतेनें देश, काल आणि पात्र या तिहींचा विचार आवश्यक मानला आहे. म्हणजे कोठें द्यावें, केव्हां द्यावें आणि कोणास द्यावें. काय द्यावें आणि किती द्यावें हे आणखी दोन प्रश्न अलीकडच्या गणितज्ञांनीं त्यांस जोडले आणि पांचांना मिळून एक रुक्ष इंग्रजी नांव दिलें, ‘ऑपरेशन्स रिसर्च’. या नांवाला प्रतिशब्द घडविण्याचे प्रयत्न झाले आहेत. पण ते उच्चारतांच ऐकणारा दचकतो, म्हणून आम्ही त्यांच्या वाटेस जात नाहीं. हातीं असलेलीं मोजकीं साधनें कशीं वांटलीं असतां इच्छिलेलें काम जास्तींत जास्त साधेल, याचें गणित मांडणारें शास्त्र, एवढा त्याचा अर्थ वाचकांनीं ध्यानांत ठेवला म्हणजे पुरे.

हिशेबावांचून दया कशी फसते हें आम्हीं प्रथम पाहिलें तें १९९३ सालीं. त्या वर्षीं ३० सप्टेंबरच्या पहांटे, गणपति बोळवून लोक झोंपीं गेले असतां, लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत भूकंप झाला, आणि किल्लारी, सास्तूर व भोंवतालच्या गांवांतील दगडमातीचीं जाड भिंतींचीं घरें आंतल्या माणसांवर कोसळलीं. सुमारें दहा हजार माणसें गेलीं. आम्ही तेव्हां पदव्युत्तर वर्गांत शिकत होतों. त्या वयांत माणसाला वर्तमानपत्र वाचून नुसतें बसवत नाहीं. दोन रात्री जागून आम्हीं व आमच्या सोबत्यांनीं घरोघरचे जुने कपडे गोळा केले, बेकरीवाल्यांकडून पाव मागून आणले आणि एक ट्रक भरून आम्ही निघालों. वाटेंत आम्हीं गाणीं म्हटलीं नाहींत एवढेंच. पण आपण कांहीं तरी मोठें करीत आहोंत ही गुर्मी प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होती.

तेथें जाऊन पाहतों तों रस्त्याच्या दोन्ही अंगांस कपड्यांचे ढीग पडलेले. शहरांतील घराघरानें आपलीं कपाटें त्या रस्त्यावर रिकामीं केलीं होतीं. पावसानें भिजून त्या ढिगांना वास येऊं लागला होता. कोणी त्यांतून एखादें लुगडें ओढून पाही आणि पुन्हां टाकून देई. आमचा ट्रक त्या ढिगांत आणखी एका ढिगाची भर घालण्यासाठींच एवढ्या लांब आला होता. मग आम्हीं पाव वांटावयास घेतले. एका पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारी बसली होती. तिच्या पुढ्यांत आधींच पांचसहा पाव पडलेले होते. आम्हीं आणखी एक पुढें केला तेव्हां तिनें हात मागें घेतला आणि शांतपणें विचारलें, “लेकरा, ह्यो पाव कवर खावा? जवारीचं पीठ आन्‌ एक तवा दे. भाकर मीच करते. तुला बी वाढते.”

आमच्या ट्रकांत पीठ नव्हतें आणि तवाही नव्हता. त्या बाईचें काय काय गेलें होतें हें विचारण्याचा धीर आम्हांला झाला नाहीं. पण जें कांहीं उरलें होतें त्यांत भाकरी थापण्याची तिची कला होती, आणि आम्ही तिला ती वापरूं देत नव्हतों. परत येतांना आम्ही एकमेकांशीं फारसे बोललों नाहीं.

या शास्त्राचा जन्म मात्र दयेच्या पोटीं झाला नाहीं. तो युद्धाच्या पोटीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत ब्लॅकेट या पदार्थविज्ञानवेत्त्याच्या भोंवतीं जमलेल्या मंडळींनीं इंग्रजी आरमाराला दाखवून दिलें कीं, मालवाहू जहाजांचे लहान लहान तांडे करण्यापेक्षां मोठे तांडे केले तर पाणबुड्यांच्या तडाख्यांत कमी जहाजें सांपडतात. कारण तांडा दुप्पट झाला म्हणून त्याचा घेर कांहीं दुप्पट होत नाहीं, आणि राखण करावी लागते ती घेराची. हें वाचलें म्हणजे, अरे, इतकें सोपें तर आपल्यालाही सुचलें असतें, असें वाटतें. या शास्त्रांतल्या पुष्कळ गोष्टी अशाच आहेत. त्या सांगून झाल्यावर सोप्या वाटतात.

त्याच सुमारास अमेरिकेंत हें गणित पोटाकडे वळलें होतें. १९४५ सालीं जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञानें असा प्रश्न घातला कीं, सुमारें सत्तर किलो वजनाच्या, बेताची मेहनत करणाऱ्या पुरुषाला वर्षभर पुरेसें पोषण अगदीं स्वस्तांत स्वस्त कसें मिळेल? त्यानें बाजारांतले ७७ जिन्नस घेतले. उष्मांक, प्रथिनें, कॅल्शियम, लोह आणि पांच जीवनसत्त्वें अशीं नऊ पोषणाचीं अंगें घेतलीं. आणि अजमासानें व चिकाटीनें उत्तर काढलें. तें असें: वर्षाला ३७० पौंड गव्हाचें पीठ, २८५ पौंड घेवड्याचे वाळलेले दाणे, १११ पौंड कोबी, २३ पौंड पालक आणि आटवलेल्या दुधाचे ५७ डबे. खर्च, १९३९ च्या भावानें, वर्षाला ३९ डॉलर ९३ सेंट! हा आहार कोणीं खावा अशी आपली शिफारस नाहीं, हेंही त्यानें स्पष्ट सांगून ठेवलें. आम्हीं हा जमाखर्च एकदां घरीं वाचून दाखविला. “फोडणीचं तेल कुठं आहे यांत?” एवढाच प्रश्न स्वयंपाकघरांतून आला, आणि त्याला आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

पुढें १९४७ सालीं जॉर्ज डँट्झिग या गणितज्ञानें असले प्रश्न अचूक सोडविण्याची ‘सिम्प्लेक्स’ नांवाची रीत बसविली. रीत खरी कीं खोटी हें पाहण्यासाठीं स्टिग्लरचाच प्रश्न पुन्हां सोडवावयास घेतला. संगणक तेव्हां कोणाच्या टेबलावर नव्हते. नऊ कारकून हातानें फिरविण्याचीं यंत्रें घेऊन बसले, आणि एका माणसाचे मोजले तर १२० दिवस भरतील एवढें काम करून त्यांनीं उत्तर काढलें: ३९ डॉलर ६९ सेंट. स्टिग्लरचा अजमास वर्षाकांठीं अवघ्या २४ सेंटांनीं चुकला होता. एवढ्या थोड्या फरकासाठीं नऊ कारकुनांना राबविलें याचें आमच्या विद्यार्थ्यांना हंसूं येतें. पण मोजण्याच्या रीतीची परीक्षा चुलीवर होत नाहीं, ती अशीच व्हावयाची.

खरी गंमत यापुढेंच आहे आणि ती डँट्झिगनें स्वतःच मोकळ्या मनानें लिहून ठेवली आहे. १९५० नंतर कांहीं वर्षांत डॉक्टरांनीं त्याला वजन उतरविण्यास सांगितलें. ज्याच्या हातीं असली रीत आहे त्यानें पथ्याचें पुस्तक कां चाळावें? त्यानें संगणकाला पांचशेंहून अधिक जिन्नसांचीं कोष्टकें दिलीं आणि पोट भरल्यासारखें वाटावें म्हणून अशी आज्ञा केली कीं, पाण्याचा अंश वगळून अन्नाचें वजन जास्तींत जास्त होईल असा आहार शोधून काढ. यंत्रानें उत्तर दिलें. त्यांत इतर कांहीं पदार्थ होते, आणि पांचशें गॅलन शिरका होता! कोष्टकांत शिरक्याच्या नांवावर पाणी लिहिलेलेंच नव्हतें. मग यंत्रानें तरी काय करावें? डँट्झिगनें शिरका यादींतून काढून टाकला. दुसऱ्या दिवशीं यंत्रानें सुपाच्या खारट वड्या सुचविल्या, रोज दोनशें. बिचाऱ्यानें तीन वड्या गरम पाण्यांत विरघळवून पाहिल्या आणि तें पाणी थुंकून टाकलें. केवळ मिठवणी होती ती. मीठ किती खाल्लें असतां पुरे, ही वरची मर्यादा त्या काळच्या पोषणाच्या कोष्टकांत कोणीं लिहिलीच नव्हती. वड्यांना मर्यादा घातल्यावर कोंडा आला, कोंड्याला घातल्यावर काकवी आली. अखेरीस त्याच्या पत्नीनें त्या सगळ्या उत्तरांतून चांगलें तेवढें निवडून स्वतःच्या अकलेनें एक आहार ठरविला, आणि त्यानें त्याचें वजन बावीस पौंड उतरलें.

हा प्रसंग आम्ही वर्गांत सांगतों तेव्हां मुलें यंत्राला हंसतात. आम्ही त्यांना विचारतों, यंत्र कोठें चुकलें? त्याला जें सांगितलें तें त्यानें काडीचाही फरक न करतां केलें. आज्ञाधारक नोकराचा हा मोठा दोष असतो कीं, धन्याच्या आज्ञेंत जी गोष्ट बोलायची राहून गेली ती तो मनानें भरून काढीत नाहीं. कमी काय करावयाचें आणि जास्त काय करावयाचें, हें गणित सुरू होण्यापूर्वींच ठरून गेलेलें असतें. पुढची आंकडेमोड कितीही निर्दोष झाली तरी ती त्या पहिल्या ओळीची चाकरी करते. आणि ती पहिली ओळ कोणत्याही पुस्तकांत सांपडत नाहीं.

आज हेंच आहाराचें गणित खऱ्या भुकेच्या कामीं लागलें आहे. संयुक्त राष्ट्रांचा ‘जागतिक अन्न कार्यक्रम’ १९६१ सालीं निघाला आणि २०२० सालीं त्याला शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें, हें पुष्कळांच्या वाचनांत आलें असेल. त्याच्या पुढच्याच वर्षीं, २०२१ मध्यें, या शास्त्रांतला फ्रान्झ एडेलमन पुरस्कारही त्याच संस्थेला मिळाला, ही बातमी मात्र फारशी कोठें छापून आली नाहीं. माणशीं दर दिवसाला २१०० उष्मांक हें आणीबाणीच्या शिध्याचें सर्वसाधारण माप धरतात. धान्य, डाळी, तेल, मीठ यांचा तो शिधा कोणत्या देशांतून विकत घ्यावा, कोणत्या बंदरांत उतरवावा, कोणत्या रस्त्यानें न्यावा आणि त्यांत कोणती डाळ घालावी, हे प्रश्न पूर्वीं वेगवेगळीं खातीं वेगवेगळे सोडवीत. ते एकत्र मांडले तेव्हां असें दिसून आलें कीं, थोडीशी निराळी डाळ घेतली तर पोषण तेंच राहून वाहतुकीचा मोठा खर्च वांचतो. पंधरा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम अशा गणितांनीं वांचली, असें पुरस्काराच्या वेळीं सांगण्यांत आलें. वांचलेला पैसा म्हणजे आणखी तितक्या पंगतीच. येथें हिशेब आणि दया एकाच ताटांत जेवतात.

अर्थात्‌ ज्याला तो शिधा खायचा असतो त्याची जीभ कोष्टकांत बसवावी लागतेच. १९७२ च्या दुष्काळांत आपल्याकडे रेशनवर मिळालेली ती तांबडी मिलो ज्वारी आमच्या आईबापांच्या पिढीला चांगली आठवत असे. भाकरी होई, पोटही भरे. परंतु तिचें नांव काढतांच प्रत्येकाच्या कपाळावर आठी पडे. त्या आठीचें माप उष्मांकांत नाहीं, तरी ती खरी होती.

गणिताची ती पहिली ओळ चुकली तर काय होतें, याचें उदाहरण शोधण्यास अमेरिकेंत जाण्याचें कारण नाहीं. तें आपल्याच इतिहासांत आहे, आणि तें वाचल्यापासून आम्हांला त्याचा विसर पडलेला नाहीं. सर रिचर्ड टेंपल हे १८७३-७४ सालीं बिहार व बंगालमधील दुष्काळाच्या निवारणाचे प्रमुख अधिकारी होते. त्यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणविला, गांवोगांव पोंचविला, आणि तो दुष्काळ फारशी मनुष्यहानि न होतां पार पडला. बक्षीस काय मिळालें? उधळेपणाचा ठपका! इतका पैसा खर्च करून इतके लोक जगविण्याची जरूरी होती काय, असा सूर सरकारी वर्तुळांत आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत निघाला. पुढें १८७६ सालीं दक्षिणेंत महादुष्काळ पडला आणि १८७७ च्या आरंभीं लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें याच टेंपलसाहेबांना मद्रास व मुंबई इलाख्यांत खास पाहणीसाठीं धाडलें. तें अर्थातच खर्चाला आळा घालण्यासाठीं. साहेब धडा शिकले होते. खडी फोडण्याच्या आणि मातीच्या कामावरील धडधाकट पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, असा शिधा त्यांनीं ठरविला. इतिहासांत तो ‘टेंपल वेज’ या नांवानें राहिला आहे.

एक पौंड धान्य म्हणजे सुमारें सोळाशें उष्मांक. वर ज्याची आम्ही थट्टा केली तो स्टिग्लरचा आहार वाचकांनीं पुन्हां पाहावा. गणितानें सर्वांत स्वस्त म्हणून काढलेल्या त्या आहारांतही दिवसाला पौंडभर पीठ होतें, आणि त्यावर पाऊण पौंडाच्या वर घेवडा होता, भाजी होती, दूध होतें. म्हणजे यापेक्षां खालीं जातां येत नाहीं असें गणित ज्या जागीं सांगतें, त्याच्याही पुष्कळ खालीं तो शिधा गेला होता. आणि तो घेणाऱ्याला दिवसभर घण मारावयाचा होता. मद्रासेचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं याला विरोध केला. निदान दीड पौंड धान्य आणि त्यावर भाजीपाला व प्रथिनें देणारें कांहीं तरी पाहिजे, असें त्यांचें म्हणणें होतें. मुंबई इलाख्यांतील कित्येक कामांवरच्या मजुरांनीं या शिध्यावर राबण्याचें नाकारलें, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. मद्रास सरकारनें त्या वर्षाच्या मार्चमध्यें शिधा थोडा वाढविलाही. परंतु तो दुष्काळ संपेपर्यंत पन्नास लाखांहून अधिक लोक मेले होते.

टेंपलसाहेबांना कोणीं राक्षस म्हणतात. आम्हांला तें पटत नाहीं, आणि न पटण्याचें कारण थोडें अस्वस्थ करणारें आहे. १८७४ चे टेंपल आणि १८७७ चे टेंपल हे एकच गृहस्थ होते. तीच कार्यदक्षता, तोच कागदपत्रांचा उरक. पहिल्या वेळीं त्यांनीं मृत्यु कमींत कमी व्हावे म्हणून गणित मांडलें, दुसऱ्या वेळीं खर्च कमींत कमी व्हावा म्हणून. दोन्ही वेळां उत्तर बरोबर आलें!

आतां कोणी म्हणेल कीं, मृत्यु आणि खर्च यांत निवड करणें सोपें आहे. शहाणीं माणसें गणिताला बसलीं म्हणजे पहिली ओळ बरोबरच लिहितील. तसेंही नाहीं. माणसाला जगण्यास किती अन्न लागतें, या एका आंकड्याविषयीं आपल्या पुण्यांतच दोन थोर संख्याशास्त्रज्ञांचा वाद झाला. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीं गोखले अर्थशास्त्र संस्थेंतून १९७१ सालीं भारतांतील दारिद्र्याचें जें मोजमाप प्रसिद्ध केलें, त्यांत माणशीं २२५० उष्मांक हें माप धरलें होतें. तेवढें अन्न विकत घेण्यास १९६०-६१ च्या भावानें खेड्यांत महिना माणशीं पंधरा रुपये आणि शहरांत साडेबावीस रुपये लागत; आणि खेड्यांतील सुमारें चाळीस टक्के व शहरांतील सुमारें पन्नास टक्के लोकांना तेवढेही मिळत नव्हते. याला हरकत घेतली ती पां. वा. सुखात्मे यांनीं. सातारा जिल्ह्यांतल्या बुध गांवचा हा माणूस लंडनची डॉक्टरेट घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषि संघटनेंत संख्याशास्त्राचा प्रमुख झाला आणि निवृत्तीनंतर पुण्यास येऊन राहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, सरासरी गरज ही कांहीं प्रत्येकाची गरज नव्हे. माणसांमाणसांत तर फरक असतोच, पण एकाच माणसाचें खाणेंही दिवसादिवसाला कमीजास्त होतें आणि शरीर कांहीं मर्यादेंत त्याला जुळवून घेतें. तेव्हां सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी, असें मोजणें अशास्त्रीय आहे. रेषा पुष्कळ खालीं ओढली पाहिजे. दांडेकरांनीं याला कडक उत्तर दिलें. दोघांचे लेख ज्यांनीं वाचले त्यांना ठाऊक आहे कीं, दोहोंपैकीं कोणीही हलक्या मनानें लिहीत नव्हता. सुखात्म्यांचें संख्याशास्त्र चोख होतें असें आम्हांला आजही वाटतें. पण शरीर जुळवून घेतें हें वाक्य गरिबाविषयीं उच्चारतांना जीभ अडखळावी, असेंही वाटतें. कारण अंगणांत खेळणारें मूल खेळ सोडून भिंतीला टेकून बसलें, तर तेंही शरीरानें जुळवून घेणेंच असतें.

येथवर आम्ही दुसऱ्यांच्या चुका सांगितल्या. आतां स्वतःची सांगावयास हवी.

ऑगस्ट २०१९ मध्यें कृष्णा आणि पंचगंगा यांना महापूर आला; सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत शेंकडों गांवें पाण्यांत गेलीं आणि पुण्याहून बंगलोरकडे जाणारा हमरस्ताही कांहीं दिवस बंद पडला. पाणी ओसरूं लागलें तेव्हां मदतीसाठीं जमलेल्या एका समितीनें आम्हांला वांटपाची आंखणी करून देण्यास सांगितलें. किल्लारीची ती म्हातारी आम्ही विसरलों नव्हतों. या वेळीं जुने कपडे नकोत, पाव नकोत असें आम्हीं ठासून सांगितलें. ज्वारीचें पीठ, तूरडाळ, तेल, मीठ, चटणी, काडेपेटी आणि मेणबत्त्या यांचें एकेक पाकीट. ‘काय द्यावें’ हा प्रश्न आम्हीं यंदा बरोबर सोडविला होता, आणि त्याची घमेंडही आम्हांला होती. मग आम्हीं संगणकापुढें बसून तेवीस गांवांची यादी केली. प्रत्येकांतील कुटुंबें, रस्त्याची स्थिति, दोन टेंपो, चढउताराला लागणारा वेळ हें सगळें त्यांत घातलें, आणि पहिली ओळ लिहिली: एका दिवसांत जास्तींत जास्त पाकिटें पोंचावीं.

ती ओळ लिहितांना आम्हांला क्षणभरही थांबावेंसें वाटलें नाहीं, हें आतां आठवतें.

उत्तर सुरेख आलें. टेंपो एक फेरीही रिकामे फिरत नव्हते. पहिल्या दिवशीं सहाशेंच्या वर पाकिटें गेलीं, दुसऱ्या दिवशीं त्याहून थोडीं अधिक. समितीच्या फळ्यावर रोज संध्याकाळीं आंकडा लिहीत आणि लोक माना डोलावीत. तिसऱ्या संध्याकाळीं आमच्या वर्गांतली एक विद्यार्थिनी, जी दुसऱ्या दिवसाची पत्रकें छापून काढीत होती, कागद घेऊन आमच्यापाशीं आली आणि म्हणाली, “सर, या ओळीसमोर तीन दिवस शून्यच येतंय. उद्यासुद्धां शून्यच आहे.”

ती ओळ ओढ्यापलीकडच्या एका वस्तीची होती. चौतीस घरें. ओढ्यावरचा पूल खचलेला, म्हणजे अलीकडे टेंपो थांबवून माल उतरवावा, पलीकडून ट्रॅक्टर बोलवावा, आणि यांत अर्धा दिवस जावा. तेवढ्या अर्ध्या दिवसांत तोच टेंपो रस्त्याकांठच्या गांवांना दोन फेऱ्या करी. चौतीसपेक्षां दोनशें चाळीस मोठे; एवढें गणित संगणकालाही येतें. आम्हीं तिला तें समजावूनही सांगितलें. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, “पण सर, रस्त्यावरच्या गावांना तर बाकीचे लोकही देतायत. यांना आपल्याशिवाय कोण देणार?” आम्हांला यावर बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. रस्ता जसा आमच्या टेंपोंना सोयीचा होता तसा तो सर्वांच्याच टेंपोंना सोयीचा होता, ही गोष्ट आमच्या कोष्टकांत कोठेंच नव्हती.

चौथ्या दिवशीं सकाळीं आम्ही स्वतः गेलों. ट्रॅक्टरच्या ट्रॉलींतून वस्तीवर उतरलों तेव्हां चुलीवर एक मोठें भगुनें चढलेलें होतें. पुराच्या पाण्यांत भिजलेल्या पोत्यांतले गहू मोड येऊं लागले होते. त्यांच्या घुगऱ्या करून माणसें चार दिवस खात होतीं. कोणीं भांडलें नाहीं, कोणीं रडलें नाहीं. लोकांनीं रांग केली. पटका बांधलेला एक वयस्क माणूस पाकीट हातांत घेऊन तेथेंच उभा राहिला आणि त्यानें विचारलें, “मास्तर, आमच्या वस्तीचं नाव तुमच्या यादीत हुतं का न्हाई?”

आम्ही म्हणालों, “होतं.”

“मंग झालं,” तो म्हणाला, आणि पाकीट घेऊन घराकडे गेला.

नव्हतें असें सांगतां आलें असतें तर फार बरें झालें असतें. विसरलों म्हटलें कीं माणूस क्षमा करतो. आम्ही विसरलों नव्हतों. आम्हीं ती वस्ती मोजली होती, तिच्या घरांचा आंकडा बरोबर होता, तिच्या ओढ्याची रुंदीही आम्हांला ठाऊक होती. आणि तें सर्व ध्यानांत घेऊनच आम्हीं तिच्यासमोर शून्य लिहिलें होतें.

त्या रात्रीं आम्हीं पहिली ओळ खोडली. या शास्त्रांतल्या अलीकडच्या लेखकांनीं ‘वंचनेची किंमत’ म्हणून एक कल्पना मांडली आहे. पहिल्या दिवशीं न मिळालेल्या भाकरीची किंमत आणि चौथ्या दिवशीं न मिळालेल्या भाकरीची किंमत एक नव्हे. उशीर जसा वाढतो तशी ती दुपटीतिपटीनें चढत जाते, आणि ज्याला एक पाकीट मिळालें आहे त्याच्या दुसऱ्या पाकिटाची किंमत तिच्यापुढें कांहींच नाहीं. हें सर्व आम्हीं वाचलेलें होतें. वर्गांत शिकविलेलेंही होतें! नव्या ओळींत आम्हीं असें लिहिलें कीं, यादींतलें जें गांव सर्वांत अधिक काळ वाट पाहत आहे, त्याची वाट पाहण्याची मुदत कमींत कमी व्हावी. उत्तर बदललें. टेंपो आडवळणांना जाऊं लागले, ट्रॅक्टरवाल्यांना भाडें द्यावें लागलें, आणि दिवसाचा आंकडा सहाशेंवरून साडेचारशेंवर आला.

समितीच्या फळ्यावर तो आंकडा लिहिला गेला तेव्हां कोणी माना डोलाविल्या नाहींत. काम ढिलें पडलें काय, अशी विचारणा आमच्याकडे झाली आणि लेखी खुलासा मागण्यांत आला. विचारणाऱ्यांना आम्ही दोष देत नाहीं. फळ्यावर एकच रकाना होता आणि त्यांत आंकडा मोठा दिसावा असें कोणालाही वाटेल. आम्ही खुलासा लिहावयास बसलों, दोनतीन वेळां लिहून फाडला. तेवढ्यांत त्या मुलीनें समितीची वांटपाची नोंदवही पुढें ओढली, ‘एकूण पाकिटें’ या रकान्याच्या उजवीकडे फूटपट्टीनें आणखी एक उभी रेघ ओढली आणि वर लिहिलें, ‘किती दिवसांनीं पोंचलें’. मग ती एकेक गांव भरीत खालीं आली. ओढ्यापलीकडच्या वस्तीपाशीं आल्यावर तिनें आमच्याकडे पाहिलें, आणि आम्हीं सांगितल्यावर तेथें ४ हा आंकडा घातला.